पत्र्यावरचे दगड

आमच्या गावाचं नाव भोकर. ते भोकराच्या झाडावरून पडलं असं आम्ही लहानपणापासून धरून चालत आलोय. पण पावसाळ्यात घरातल्या सात भांड्यांत सात निरनिराळ्या सुरांनी पाणी टपकू लागलं, की झाडाचा या नावाशी काही संबंध नसून ते सरळ 'भोक' या शब्दावरूनच आलं असावं, अशी शंका मला दरवर्षी नव्यानं येते. आमचं घर पत्र्याचं आहे. पत्र्याचं घर म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते, म्हणून आधीच सांगतो: घर चांगलं ऐसपैस आहे. कमरेइतक्या विटांच्या भिंती, त्यांच्यावर लोखंडी अँगलचा सांगाडा, आणि त्याला बाजूनं नि वरून लपेटलेले पन्हळी पत्रे. १९९४च्या उन्हाळ्यात ते नांदेडहून ट्रकमध्ये बसून आलं. अँगल, पत्रे, नटबोल्ट, वायसर, दोन दारं, चार खिडक्या, सगळं सुटं. लग्नाचं वऱ्हाड उतरावं तसं आमचं घर एकेक करून ट्रकमधून उतरलं, अंगणात जरा टेकलं, आणि विटांचं जोतं तयारच होतं म्हणून चौथ्या दिवशी आईनं त्यात चूल पेटवली. आता त्या घरानं तिशी ओलांडली आहे. तिशी ओलांडलेल्या पत्र्याच्या घराची निगा कशी राखायची, हे मात्र आमच्या घरात, आळीत, किंबहुना अख्ख्या तालुक्यात कुणाला खात्रीनं सांगता येत नाही.

माळवदाचं तसं नव्हतं. आमचं आधीचं घर माळवदाचं. दोन हात रुंद दगडी भिंती, सागवानी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर माती. त्या घराची सेवा पंचांगात लिहिल्यासारखी ठरलेली होती. रोहिणी लागल्या की बैलगाडीतून गढीची पांढरी माती यायची. मृगाच्या आत ती वर पसरायची, पाणी शिंपडून चोपायची, आणि उतार पन्हाळांकडेच आहे ना हे लोटाभर पाणी ओतून बघायचं. श्रावणात माळवदावर गवत उगवायचं ते उपटायचं. एका वर्षी हे काम शेजाऱ्यांच्या शेळीनं परस्पर उरकलं, पण मग ती खाली उतरायला तयार होईना. दोन दिवस ती आमच्या डोक्यावर राहिली आणि अवेळी ओरडत राहिली. सवणं झाकायचं काम माझ्याकडे होतं. सवणं म्हणजे माळवदाला ठेवलेलं उजेडाचं भोक. त्यातून चुलीचा धूर वर जायचा आणि उन्हाचा एक सरळसोट खांब खाली यायचा. पहिला थेंब पडला की धावत जिना चढायचा आणि सवण्यावर फरशी सरकवायची. त्या घराच्या छताला असं एकच भोक होतं, आणि तेही शहाण्या माणसांनी विचार करून ठेवलेलं.

मग १९९३चा ३० सप्टेंबर उजाडला. खरं तर उजाडायच्या आतच झालं ते. गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली. सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर असेल. आमच्याकडे फडताळातली भांडी तेवढी वाजली आणि आई 'मांजर असंल' म्हणून कुशीवर वळली. पुढं दिवसागणिक कळत गेलं, की माणसं मेली ती जास्त करून घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती, आणि त्यांच्या डोक्यावर माळवदाचं ओझं. हे ओझं एवढं वाढलं कसं? दरसाल, न चुकता, मायेनं टाकलेल्या मातीनं. आज्यानं एक थर दिला, बापानं दुसरा, आणि घर गळू नये म्हणून घेतलेली काळजीच वर साठत गेली. वडिलांनी हे पेपरात वाचलं. संध्याकाळी ते माळवदावर गेले आणि जन्मात पहिल्यांदा तिथं पावलं जपून टाकू लागले. खाली आल्यावर एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं आपुनच आपल्यावर माती टाकायलो की रे."

त्या हिवाळ्यात मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं चांगली घरं असून अंगणात झोपली. भूकंपाच्या पट्ट्यात तर पत्र्याच्या शेडांची गावंच्या गावं उभी राहिली होती. दगडाच्या घराकडे लोक असं बघायचे, जसं पिसाळल्याची वदंता असलेल्या, पण अजून कुणाला न चावलेल्या पाळीव कुत्र्याकडे बघावं. वडिलांनी उन्हाळ्यात माळवद उतरवलं आणि पत्र्याचं घर आणलं. पत्रा हलका, पडला तरी जीव घेणार नाही. शिवाय "आता दरसाल माती टाकायची भानगड नाही," हे त्यांनी गावभर सांगितलं. कारखान्यात जन्मलेल्या घराला सेवा लागत नाही असा त्यांचा समज होता. ते घर म्हणजे त्यांना घड्याळासारखं वाटत असावं. किल्ली दिली की झालं.

पुढच्या वर्षी वैशाखात वळीव आला. वारा असा की बाभळी जमिनीला नाक घासत होत्या. त्यानं आमच्या घराचे दोन पत्रे पत्त्यांसारखे उचलले. एक शेजारच्या गोठ्यावर पडला. दुसरा गावाबाहेर एका तुरीच्या शेताच्या बांधावर सापडला. ज्यांच्या शेतात सापडला ते गृहस्थ तो पत्रा डोक्यावर घेऊन, हरवलेलं वासरू परत आणावं तसे दारात येऊन उभे राहिले. त्यांनी चहा घेतला, पत्रा किती जाड आहे याची चौकशी केली आणि जाताना म्हणाले, "गुरुजी, वर दगड ठिवा." वडिलांनी ठेवले. दगड आणायला लांब जायचं नव्हतं. पाडलेल्या घराच्या भिंतींचा ढीग अंगणातच पडला होता. अशा रीतीनं, जे दगड डोक्यावर पडतील म्हणून आम्ही घर बदललं होतं, तेच आम्ही स्वतःच्या हातांनी, शिडी लावून, एकेक करून परत डोक्यावर नेऊन ठेवले. बावीस होते. शेवटचा दगड कमी पडला तेव्हा आईनं कोपऱ्यातला आजीचा टवका उडालेला पाटा दिला. तो वायव्य कोपऱ्यात गेला.

अशा घरात पावसाचे चार महिने राहायचं म्हणजे मौनव्रत आलं. पत्र्यावर पाऊस लागला की आभाळातून कुणी हरभऱ्याची पोती मोकळी करतंय असं वाटतं. मी शिक्षक होतो. शाळेच्याही दोन खोल्या पत्र्याच्या होत्या, आणि तिथं पाऊस आला की मी फळ्यावर 'शांत बसा' असं लिहायचो, जे पाऊस सोडून सगळे वाचायचे. घरी मात्र आम्ही हळूहळू एक खुणांची भाषाच तयार केली. पाच बोटं म्हणजे पाच कप चहा. मुठीवर मूठ म्हणजे दार लाव. बोट वर म्हणजे गळायलंय, भांडं आण. या भाषेत भांडण करता येत नाही, हा तिचा मोठा गुण. आमच्या घरातले बरेच तंटे आर्द्रा ते हस्त या काळात आपोआप मिटले. वडील गेल्यावर त्या बोटाला आणखी एक अर्थ चिकटला. आईनं जन्मभर त्यांचं नाव घेतलं नव्हतं, आता तरी का घ्यावं? ती नुसतं बोट वर करते आणि म्हणते, "त्यांनी सांगितलं होतं." आणि बोट बरोबर छताकडे जातं, म्हणजे वडील पत्र्यावर बसून काही ठोकतायत असा भास व्हावा.

गळती शोधणं ही एक साधनाच आहे. पाणी जिथं शिरतं तिथं पडत नाही. ते पन्हळीच्या पोटाखालून, चोरानं भिंतीला चिकटून सरकावं तसं पाच-सहा फूट जातं, अँगलपाशी थांबून विचार करतं आणि मग नेमकं अंथरुणावर उतरतं. म्हणून भोक शोधायचं ते पावसात नव्हे, उन्हात. दुपारी बाराला दारं-खिडक्या लावायच्या आणि जमिनीवर आडवं व्हायचं. मग वर तारे दिसतात आणि खाली पैसे. भोक तिळाएवढं असो की मोहरीएवढं, जमिनीवर पडणारा उजेडाचा कवडसा रुपयाएवढाच. कारण तो भोकाचा आकार नसतोच, ती सूर्याची छबी असते. २४ ऑक्टोबर १९९५ला, दिवाळीतल्या ग्रहणाच्या सकाळी, आमच्या समोरच्या भिंतीवरच्या सगळ्या रुपयांच्या एकदम चंद्रकोरी झाल्या होत्या. मिस्त्रीच्या हातून चुकून पडलेली ती भोकं, पण त्या दिवशी अख्खी आळी आमच्या घरात ग्रहण बघायला आली, आणि ग्रहणात देवसुद्धा झाकून ठेवणाऱ्या आईनं तेवढ्यापुरतं घर उघडं ठेवलं. आता मी खडू घेऊन त्या रुपयांभोवती गोल काढतो. मागच्या उन्हाळ्यात एकोणीस निघाले. एवढी रोकड आमच्या घरात एका वेळी क्वचितच असते.

भोकं बुजवायची कशानं, यावर मतं अनेक. लहानपणी पतंग चिकटवायला आम्ही भोकराचं पिकलं फळ वापरायचो. त्याच्या चिकाला जगात तोड नाही. भोकराच्या गावात भोक भोकरानं बुजावं, ही कविता म्हणून उत्तम कल्पना आहे. मी एकदा करूनही पाहिली. मुंग्यांना ती फार आवडली. हार्डवेअरच्या दुकानातला मुलगा डांबरी पट्टी देतो. शेजारचे मामा नुसतं डांबर पातळ करून ओता म्हणतात. आणि वेल्डिंगवाले मिस्त्री या सगळ्यांकडे वैद्यानं घरगुती उपायांकडे बघावं तसे बघतात. त्यांचं म्हणणं असं, की रोग भोकात नाही, बोल्टात आहे. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि दहा फुटांच्या पत्र्याची लांबी दीडेक मिलिमीटरनं वाढते, रात्री परत कमी होते. संध्याकाळी घर टण् टण् वाजतं ते याचमुळे. रोजच्या या आळस देण्यानं बोल्टाचं भोक लांबट होतं, डांबराचा वायसर वाळून तडकतो आणि पाण्याला वाट मिळते. बोल्ट नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर मारावा, खळग्यात मारू नये, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या घरातले निम्मे बोल्ट खळग्यात होते. ज्या मिस्त्रीनं ते मारले, त्यानं बहुधा विचार केला असावा की पाणी जिथं जातं तिथंच त्याची सोय असावी.

हा पन्हळी पत्रा आला कुठून, याचा मी सेवानिवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी शोध घेतला. १८२९ साली लंडनच्या गोदीतले अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी त्याचं पेटंट घेतलं. सपाट पत्रा दोन टोकांवर ठेवला की मधोमध लवतो; त्यालाच लाटा पाडल्या की ताठ उभा राहतो. माणसांच्या बाबतीत याच्या उलट अनुभव येतो, पण ते असो. पुढं आठ वर्षांनी फ्रान्सचे स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा थर चढवायची युक्ती काढली. जस्त हे एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं असतं: ती झिजते तोवर बाकीच्यांना गंज चढत नाही, आणि ती संपली हे इतरांना गंज चढल्यावरच कळतं. मग अशी घरं बोटींत भरून देशोदेशी गेली. ट्रकमधून उतरलेलं आमचं घर त्या मानानं उशिराच पोचलं म्हणायचं.

पुतण्या अमेरिकेत असतो. तिथं तो काही दिवस अशाच कारखान्यात बनलेल्या घरात भाड्यानं राहिला. तिकडे त्या घरांना १५ जून १९७६पासून केंद्र सरकारची वेगळी नियमावली आहे. घर कारखान्यातून निघतानाच त्याला लाल पट्टी ठोकतात आणि मालकाच्या हातात एक पुस्तिका देतात. "काका, आपल्या घराचं मॅन्युअल कुठंय?" त्यानं व्हिडिओ कॉलवर विचारलं. आणि घर सपाटीत आहे का ते दरवर्षी तपासा, असंही सांगितलं. तपासलं. पाणसळ ठेवली तर तिच्यातला बुडबुडा लाजून एका कडेला जाऊन बसला. यात नवल नाही. आमचं घर काळ्या मातीवर उभं आहे. ही माती मे महिन्यात अशी भेगाळते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा, आणि ऑगस्टमध्ये पाणी पिऊन फुगते. तिच्याबरोबर घरही श्वास घेतं. पुढचं दार पावसाळ्यात लागत नाही आणि उन्हाळ्यात थांबत नाही. पाहुण्यांना आम्ही हे ऋतुमानाप्रमाणे समजावून सांगतो. मॅन्युअल मात्र मी खरोखरच शोधलं. वडिलांच्या ट्रंकेत, जमिनीच्या सातबाऱ्यांखाली, १९९४चं बिल निघालं. पत्रे इतके, अँगल इतके. मागच्या बाजूला वडिलांच्या अक्षरात एकच ओळ: 'वायसर दोनशे जास्तीचे घेतले आहेत. लागतील.' कोठीत वनस्पती तुपाच्या डब्यात ते सापडलेही. तीस वर्षांत दगड झाले होते.

आणि मग २१ मार्च २०२४ची सकाळ. सहा वाजून आठ मिनिटांनी पत्रे थरथरले. वानरं आली असतील म्हणून मी काठी घेऊन बाहेर पडलो, तर आळीतली सगळी माणसं आपापल्या काठ्या घेऊन बाहेर उभी. दहा-बारा मिनिटांनी दुसरा हादरा बसला, तेव्हा वानरांवरचा आळ गेला. केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होतं, तीव्रता ४.५. पडझड विशेष नाही. पण दुपारपर्यंत प्रशासनाचं आवाहन आलं: ज्यांनी घराच्या पत्र्यांवर आधारासाठी दगड ठेवले असतील, त्यांनी ते काढून घ्यावेत. मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि वारं सुटल्यावर पत्रे कोन धरून बसनार हाय?"

प्रश्न बिनतोड होता. भूकंप एकतीस वर्षांतून एकदा येतो, वळीव दर वर्षी. एक खालून येतो, एक वरून. दोघांचं आपसांत बोलणं नाही. एकाला वाटतं घर हलकं असावं, दुसऱ्याला वाटतं जड. मधल्या मधे आम्ही, हातात बावीस दगड घेऊन. चार दिवस घरात या विषयावर चर्चा झाली आणि पाऊस नसल्यामुळे ती सगळी आवाजी झाली. शेवटी मिस्त्री आले, छताखाली उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "सर, दगड ठिवनं म्हंजे बोल्टावर अविश्वास दाखवनं हाय." त्यांनी नवे हुक, नवे वायसर आणले, खळग्यातली भोकं बुजवून उंचवट्यावर नवी पाडली, पश्चिमेच्या वाऱ्याच्या तोंडावर येणारे पत्र्यांचे जोड फिरवून घेतले. मग त्यांचा पोऱ्या वर चढला आणि दगड एकेक करून खाली देऊ लागला. आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती. ती मोजत होती. अठरावा दगड आला तेव्हा म्हणाली, "हा ढाळजेतल्या उंबऱ्यापाशी होता. यावर मी तुला तेल लावून बसवायची." मला तो बाकीच्यांसारखाच वाटला. सगळ्यांत शेवटी पाटा आला. एकोणतीस पावसाळे पालथा पडून त्याच्या पाठीवर शेवाळाची हिरवी शाल चढली होती. पोटाकडची बाजू मात्र कोरडी, आणि तिथं मधोमध आजीच्या हातांनी घासून घासून पडलेला खोलगट भाग तसाच. आईनं तो धुऊन घेतला, टाकी लावून घेतली. त्यावर वाटलेली जवसाची चटणी आम्ही गुढीपाडव्याला खाल्ली. किंचित कचकच लागली, पण कुणी काही बोललं नाही.

बाकीचे एकवीस दगड भिंतीला टेकवून ओळीनं ठेवलेत, बदली होऊन आलेल्या आणि अजून खुर्ची न मिळालेल्या कर्मचाऱ्यांसारखे. ते हलवू म्हटलं की आई म्हणते, असू दे. त्या जुलैत पुन्हा एक धक्का बसला, तेव्हा ती आधी दगडांकडे बघून आली आणि मग आमच्याकडे.

यंदा मृग कोरडा गेला. आर्द्रात एका रात्री मात्र धो धो आला, वाऱ्यासकट. घराचा सांगाडा कुठंतरी खोल आतून गुणगुणायला लागला. वीज गेली. मी विजेरी लावून बघितलं, तर आई पलंगावर उठून बसली होती. पत्रे जागेवर होते. ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली; ओठ हलले, पण वरच्या हरभऱ्यात सगळं बुडून गेलं. मी कानाला हात लावला. मग तिनं आमच्या भाषेत बोट वर केलं आणि ते तसंच धरून ठेवलं. गळतंय म्हणत होती, की दगड नाहीत याची आठवण करून देत होती, की त्यांच्याबद्दल काही सांगत होती, मला कळेना. मी मान हलवली. मग जाऊन स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं आणलं आणि, तिन्ही शक्यता ध्यानात घेऊन, तिच्या पलंगाशेजारी ठेवलं.